स्थूलता आणि इन्सुलिन प्रतिरोध : संयुक्त उपचारांची कसोटी

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचे नाव निघाले की ताडोब्याचे जंगल, कोळशाच्या खाणी, हिवताप, कुपोषण आणि सिकलसेल यांची आठवण होते. स्थूलता आणि मधुमेह हे पुण्या-मुंबईचे, बसून काम करणाऱ्यांचे आजार, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत आता टिकणारी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात असल्याचे आढळले. दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे १४ मृत्यू त्याने झाले होते. पक्षाघातामागे उच्च रक्तदाब हे मुख्य कारण असते हे खरे. पण वाढलेला रक्तदाब, सुटलेले पोट, बिघडलेली रक्तातील साखर आणि चरबी ही मंडळी बहुधा एकत्रच नांदतात. या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे इन्सुलिन प्रतिरोध.

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि त्याच्या इशाऱ्यावर स्नायू व यकृत ही साखर आत घेतात. शरीराच्या पेशी या इशाऱ्याला दाद देईनाशा झाल्या की तेच काम करून घेण्यासाठी अधिक इन्सुलिन लागते. हाच इन्सुलिन प्रतिरोध. स्वादुपिंड काही वर्षे जादा इन्सुलिन पुरवून वेळ मारून नेते. त्या काळात साखरेची तपासणी निर्दोष येते आणि माणूस निर्धास्त राहतो. पुढे स्वादुपिंड थकले की मधुमेह उघड होतो. पोटाच्या आतील आणि यकृतात साठलेली चरबी हा प्रतिरोध वाढवते, तर स्नायूंचे काम तो कमी करते. म्हणूनच उपचारांच्या वाटाही अनेक आहेत : आहार, व्यायाम, मेटफॉर्मिनसारखी गोळी, भूक कमी करणारी औषधे, शस्त्रक्रिया. यातील एकेका उपचाराचा गुण मर्यादित असल्याने दोन-तीन उपचार एकत्र द्यावेत, हा विचार साहजिकच पुढे येतो. अडचण अशी की, दोन उपचारांची बेरीज शरीरात अंकगणिताप्रमाणे होत नाही.

बेरीज कधी होते, कधी होत नाही

संयुक्त उपचाराची खरी परीक्षा चार गटांत होते. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे माणसांची विभागणी करून एका गटाला पहिला उपचार, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला केवळ नेहमीचा सल्ला दिला जातो. तिसऱ्या गटाचा लाभ पहिल्या दोहोंहून स्पष्टपणे अधिक असेल तरच जोडीला अर्थ आहे. दोन्ही उपचार एकदम दिले आणि रुग्ण सुधारले, एवढ्यावरून जोडीचे काहीच सिद्ध होत नाही. कदाचित एकानेच सारे काम केलेले असते.

चीनमधील डाचिंग शहरात १९८६ साली सुरू झालेली चाचणी या बाबतीत उद्बोधक आहे. साखर बिघडू लागलेल्या, पण मधुमेह न झालेल्या ५७७ जणांना सहा वर्षे पाहण्यात आले. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ तपासणी झालेल्या गटात ६७.७ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार बदललेल्यांत हे प्रमाण ४३.८ टक्के, व्यायाम करणाऱ्यांत ४१.१ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत ४६ टक्के होते. दोन्ही उपचार एकेकटे गुणकारी ठरले, जोडीने मात्र काहीच भर घातली नाही.

भारतातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या 'इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम'मध्ये ५३१ जण होते. निष्कर्ष २००६ साली आले. तीन वर्षांत तुलनेच्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. जीवनशैली बदललेल्यांत ३९.३, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ४०.५ आणि दोन्ही उपचार मिळालेल्यांत ३९.५ टक्के! हे आकडे प्रत्येक डॉक्टरने एकदा तरी नजरेखालून घालावेत असे आहेत. गोळीची मात्रा दिवसातून दोनदा केवळ २५० मिलिग्रॅम होती, हेही लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेतील, २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ३,२३४ जणांच्या चाचणीत मात्रा ८५० मिलिग्रॅम, दोनदा, अशी होती. तेथे जीवनशैलीने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी व गोळीने ३१ टक्क्यांनी घटला. मात्र त्या गाजलेल्या चाचणीत दोन्ही एकत्र देणारा गटच नव्हता. चेन्नईकरांनी पुढे जीवनशैलीला पायोग्लिटाझोनची जोड देऊन पाहिली. २००९ साली आलेले उत्तर तेच होते : अधिक लाभ नाही.

याच शहरात नंतर वेगळी वाट चोखाळली गेली. आधी सर्वांना आहार-व्यायामाचे वर्ग, आणि ज्यांना त्याने गुण येत नाही त्यांनाच पुढे मेटफॉर्मिन. ५७८ जणांच्या या चाचणीत २०१६ साली मधुमेहाचा धोका ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. परंतु उपचार गटातील ७२ टक्के लोकांना अखेर गोळी द्यावी लागली. पायरीपायरीने जोड देण्याची ही पद्धत व्यवहारी आहे, सरकारी दवाखान्याला झेपण्यासारखी आहे.

बेरीज साधल्याचीही उदाहरणे आहेत. डेन्मार्कमध्ये १९५ स्थूल व्यक्तींना आठ आठवडे अत्यल्प आहार देऊन सरासरी १३ किलो वजन उतरवण्यात आले आणि मग वर्षभर चार गट पाहण्यात आले. २०२१ च्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गटापेक्षा व्यायामाने ४.१ किलो, लिराग्लुटाइड या इंजेक्शनाने ६.८ किलो आणि दोहोंनी मिळून ९.५ किलो वजन अधिक कमी राखले गेले. बेरीज १०.९ यायला हवी होती; ती जवळजवळ आली. आणि इन्सुलिनला शरीराने दिलेली दाद सुधारली ती जोडीच्या गटात. अमेरिकेतील ६९९ मधुमेही मुलांच्या २०१२ च्या चाचणीत मात्र जोडीदार कोण, यावर सारे अवलंबून राहिले. केवळ मेटफॉर्मिनवरील ५१.७ टक्के मुलांची साखर आटोक्याबाहेर गेली. जीवनशैलीची जोड दिली तेव्हा ४६.६ टक्के, रोझिग्लिटाझोनची जोड दिली तेव्हा ३८.६ टक्के. याच रोझिग्लिटाझोनवर हृदयविकाराच्या शंकेने भारतात २०१० साली बंदी आली होती.

जोडी घातकही ठरू शकते. फेनफ्ल्युरामिन आणि फेंटरमिन ही भूक मारणारी जोडी अमेरिकेत नव्वदच्या दशकात प्रचंड खपली. तिच्या लोकप्रियतेचा पाया १२१ जणांवरील एक अभ्यास होता. हृदयाच्या झडपा निकामी होत असल्याचे दिसल्यावर सप्टेंबर १९९७ मध्ये फेनफ्ल्युरामिन बाजारातून काढून घेण्यात आले. ब्रिटनच्या मधुमेह अभ्यासात १९९८ साली सल्फोनिलयुरियाला लवकर मेटफॉर्मिनची जोड दिलेल्यांत मधुमेहजन्य मृत्यू वाढल्याचे आढळून वैद्यकविश्व चपापले होते. तो योगायोग असावा, असे पुढे बहुतेकांचे मत झाले. पण तो योगायोग आहे हे ठरवण्यासही आणखी चाचण्याच लागल्या. आपल्याकडे तर चाचणीआधीच गोळ्यांच्या मोळ्या बांधण्याची रीत पडली. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली, त्यांत मधुमेहाच्या काही संयुक्त गोळ्याही होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेरतपासणीनंतर २०१८ साली ३२८ औषधांवर बंदी आली.

बारीक अंगकाठी, आतली चरबी

ही सारी आकडेवारी चंद्रपूर-गडचिरोलीला जशीच्या तशी लागू होईल काय? या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील संशोधनात दडले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्पटनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे सर्व बाजूंनी लहान होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कृश दिसणारे बाळ स्नायूंत कमी आणि चरबीत पुढे! २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा भारतीय माणसाला कसा फसवतो, याचा याहून बोलका पुरावा दुसरा नाही.

गडचिरोलीत 'सर्च'ने ३९ गावांत १९९५-९६ मध्ये केलेल्या पाहणीत ४२ टक्के नवजात बालके अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत. कुणी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रावर, कुणी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, कुणी खाणीत पाळीचे काम करीत असेल. कुणी बांधीत धानाची रोवणी करीत असेल. लहान वजनाने जन्मलेल्या आणि पुढे आहार व राहणी बदललेल्या माणसाला इन्सुलिन प्रतिरोधाचा धोका विशेष असतो. अशा माणसाचा निर्देशांक क्वचितच ३० पर्यंत जातो. नव्या औषधांच्या मोठ्या चाचण्या मात्र तेथूनच सुरू होतात. टिर्झेपटाइड हे दोन संप्रेरकांची कामे एकाच रेणूत बांधणारे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आले. त्याच्या २,५३९ जणांच्या चाचणीत ७२ आठवड्यांत सर्वाधिक मात्रेने वजन २०.९ टक्क्यांनी घटले. त्या चाचणीत प्रवेशासाठी निर्देशांक ३०, किंवा सोबत दुसरा विकार असल्यास २७, असावा लागे. घटलेल्या वजनाचा काही भाग स्नायूंचाही असतो. ज्याच्या अंगावर मुळात स्नायूच कमी, त्याच्या बाबतीत हा हिशेब निराळा मांडावा लागतो. या जिल्ह्यांत निवडीसाठी काट्याऐवजी फीत हाती घेणे अधिक योग्य. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कंबरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००५ सालीच सुचवली आहे.

याउलट, येथील प्रत्येक वाढलेली साखर इन्सुलिन प्रतिरोधाचीच असेल, असेही नाही. दीर्घ कुपोषणातून इन्सुलिनच कमी बनणाऱ्या कृश रुग्णांचा मधुमेह वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला १९८५ साली वेगळे स्थान दिले, १९९९ साली काढून टाकले आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' हे नाव देऊन पुन्हा मान्यता दिली. अशा रुग्णाला वजन उतरवणारी जोडी देणे म्हणजे उपाशी माणसाला उपवास सांगणे होय.

मोजणार कशाने?

शहरातील मधुमेहतज्ज्ञ तीन महिन्यांच्या साखरेची 'एचबीएवनसी' ही तपासणी करून उपचाराचा गुण ठरवतात. बहुतेक आधुनिक चाचण्यांचे मोजमापही तेच. पूर्व विदर्भात ही तपासणी दगा देऊ शकते. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणे हे तिचे तत्त्व. सिकलसेलच्या रुग्णात ज्या प्रकारच्या हिमोग्लोबिनवर ही तपासणी बेतलेली आहे ते जवळजवळ नसतेच आणि तांबड्या पेशी अल्पायुषी असतात. त्यामुळे आकडा निरर्थक ठरतो. वाहकांमध्येही तो किंचित कमी दिसू शकतो. लोहाच्या अभावाने झालेल्या पंडुरोगात उलट तो फुगतो. ज्या गावात काही जण सिकलसेलचे वाहक आणि अनेक स्त्रिया लोहाच्या अभावाने पंडुरोगी, तेथे एका गटाचा सरासरी आकडा दुसऱ्याहून कमी आला तर तो उपचाराचा गुण की रक्ताचा दोष? उत्तर मिळणार नाही. येथे जुन्या पद्धतीची ग्लुकोज चाचणीच विश्वासार्ह. रात्रीच्या उपवासानंतर एक नमुना, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी दुसरा. भामरागड-एटापल्लीसारख्या तालुक्यांत पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ते बंद होतात. अशा वेळी उपाशीपोटी आलेल्या माणसाला दोन तास थांबवणे आणि नमुना बिघडण्याआधी प्रयोगशाळेत पोचवणे हीच अर्धी चाचणी ठरते. सिकलसेलची तपासणी करून ठेवण्याचे काम १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे सोपे झाले आहे, एवढा दिलासा.

ब-१२ जीवनसत्त्वाचा मुद्दाही असाच दुर्लक्षित राहतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास या जीवनसत्त्वाचे शोषण घटते. पुण्याच्या अभ्यासातील निम्म्याहून अधिक गर्भवतींत ते मुळातच कमी होते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक आढळला, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे दोन पोषकांचे प्रमाणही जोडीनेच परिणाम करते. मेटफॉर्मिनचा समावेश असलेल्या कोणत्याही चाचणीत आरंभी ब-१२ मोजले नाही, तर हातापायांच्या मुंग्या मधुमेहाच्या खात्यावर जमा होतील आणि खरा दोषी निसटेल.

जीवनशैलीचा सल्लाही येथे नव्याने लिहावा लागेल. रोज अर्धा तास चालावे, हे वाक्य चेन्नईच्या कचेरीतील कारकुनासाठी ठीक. रोवणी, कापणी आणि मे महिन्यातील तेंदूपाने तोडणी या काळात झाडीपट्टीतील शेतमजूर दिवसभर राबतो. मधल्या महिन्यांत मात्र काम तुटते. दोन्ही वेळच्या भाताचे प्रमाण तेच राहते. चाचणीची पहिली मोजणी जुलैत आणि दुसरी फेब्रुवारीत झाली, तर ऋतूचा फरकच उपचाराच्या नावावर जमा होईल. चंद्रपूर शहरातील रात्रपाळीच्या कामगाराची गोष्ट आणखी वेगळी. अवेळी जेवण आणि तुटलेली झोप यांनीही इन्सुलिन प्रतिरोध वाढतो. त्यामुळे शहर आणि जंगलपट्टा यांची चाचणी एकत्र घेतली तरी निकाल वेगवेगळे मांडले पाहिजेत.

गावपातळीवर चाचणी घेण्याचा अनुभव मात्र या भूमीला आहे. बालकांच्या न्यूमोनियावरील गडचिरोलीचा प्रयोग १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. १९९९ साली आलेल्या नवजात बालकांच्या घरगुती सेवेच्या प्रयोगात ३९ गावे एका बाजूला आणि ४७ गावे तुलनेला होती. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. त्याही वेळी उपचार एकटा नव्हता. ऊब, स्तनपान, जंतुसंसर्गावर इंजेक्शन आणि गावातील प्रशिक्षित स्त्रीची भेट असा तो संच होता. संच उपयोगी आहे एवढे अशा पद्धतीने कळते. संचातील कोणता घटक किती उपयोगी, हे कळत नाही. बालमृत्यू रोखताना ते चालले. आयुष्यभर घ्यायच्या गोळीबाबत चालणार नाही. कारण निरुपयोगी ठरणारा घटकही रुग्णाला दरमहा विकत घ्यावा लागतो, आणि त्यासाठी तालुक्याची फेरी म्हणजे एक रोजी बुडते.

गोदावरीच्या काठाने सिरोंच्याच्या खाली उतरले की भद्राचलम लागते. त्या परिसरातील आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प २०१० साली केंद्राने थांबवला, तेव्हा संमती कुणाकडून आणि कशी घेतली गेली, हाच वादाचा विषय होता. १५ जून २००९ पासून देशातील औषध-चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत पूर्वनोंदणी सक्तीची आहे, २०१९ पासून नवे नियमही लागू आहेत. तरीही माडिया बोलणाऱ्या स्त्रीपुढे मराठी संमतिपत्र ठेवून अंगठा घेतला तर नियम पाळला जाईल, संमती मिळणार नाही. चार गटांपैकी एका गटाला औषध मिळणारच नाही, चिठ्ठी ते ठरवील, मध्येच बाहेर पडता येईल, ही तीन वाक्ये तिला तिच्या बोलीत समजली पाहिजेत. आणि चौथेही सांगावे लागेल : चाचणी संपल्यावर काय? टिर्झेपटाइड ३६ आठवडे घेऊन नंतर बंद केलेल्यांचे वजन पुढील वर्षभरात सरासरी १४ टक्क्यांनी पुन्हा वाढल्याचे एका चाचणीत दिसले आहे. औषधाचा पुरवठा प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढेही होणार नसेल, तर ते पहिल्याच भेटीत, पहिली सुई टोचण्याआधी, सांगितलेले बरे.